बदल हवाय? आधी एक खरी गोष्ट शोधा

फोंडा-डिचोलीकडच्या एखाद्या पतसंस्थेत वह्या बंद करून सगळं संगणकावर आणायचंय? मग आलेख बाजूला ठेवा. (जत्रेच्या नाटकाला पहाटेपर्यंत बसणारी आपली माणसं तिसऱ्या आलेखाला पेंगतात.)

१९९६ च्या सुमारास जागतिक बँकेतले अधिकारी स्टीफन डेनिंग यांचंही असंच झालं. बँकेने आपल्याकडचं ज्ञान सगळ्यांना खुलं करावं, हे त्यांना सहकाऱ्यांना पटवायचं होतं. तक्त्यांनी कुणी हलेना. मग त्यांनी एवढंच सांगितलं: जून १९९५ मध्ये झांबियातल्या कामाना गावच्या आरोग्य कर्मचाऱ्याला मलेरियाच्या उपचाराची माहिती अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावर मिळाली. या चित्रात बँक कुठेच नव्हती. ऐकणारेच विचारू लागले, अशी माहिती आपण का देत नाही?

तुमची गोष्टही तशीच हवी: खरी, अलीकडची, मिनिटभराची, एकाच माणसाची. समजा, वाळपई शाखेतल्या ताईंनी मार्चअखेरचा ताळा सहा वाजता जुळवला आणि शेवटची बस गाठली. बस्स! तपशील फार नकोत. ऐकणाऱ्याला तिथे स्वतःची शाखा दिसायला जागा हवी. तिखटमीठ तर लावूच नका, गोव्यात खरंखोटं चहा संपायच्या आत कळतं. आणि जमलं तर साहेबांऐवजी ताईंनाच बोलू द्या.