ट्रकच्या चाकांचं बॅलन्सिंग: रूप बिघडवणाऱ्या या चुका टाळा

बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या हलक्या बाजूला छोटी वजनं लावून ते समतोल करणं, झालं की बहुतेक जण एवढंच पाहतात, स्टिअरिंगची थरथर थांबली का. चाक दिसतंय कसं हे दुसऱ्या दिवशी उन्हात कळतं. चकचकीत अलॉयच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या रिमच्या, कडेला तीन-चार करडी वजनं ठोकलेली, शेजारी जुन्या वजनाच्या गोंदाचा काळा पट्टा आणि हातोडीचा एखादा टोचा. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही, टायरवाल्याशी दोन शब्द आधी बोलावं लागतं.

मशीन सांगेल तेवढं वजन मुकाट लावणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि तिच्याबद्दल बोललंही सगळ्यात कमी जातं. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो, टायरच्या नक्षीत खडे अडकलेले असतात, मागच्या वेळची वजनंही तशीच असतात. अशा चाकाचं माप घेतलं तर मशीन त्या चिखलाचंही वजन मोजतं. मग तो गळून पडला की थरथर परत. म्हणून आधी जुनी वजनं काढा, रिम आतून धुवा, खडे काढा आणि मगच चाक मशीनवर चढवा. चढवतानाही चाक मध्यावर बसलं पाहिजे. मशीनवर चाक मध्यावर धरणारा शंकूसारखा कोन नीट बसला नसेल किंवा मधल्या भोकाच्या कडेला गंज असेल तर आकडा खोटा येतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे: माप घ्या, चाक सैल करून अर्धं फिरवा, पुन्हा कसा आणि पुन्हा माप घ्या. दोन्ही आकड्यांत बराच फरक आला तर दोष बसवण्यात आहे.

एवढं करूनही आकडा मोठाच येत असेल तर वजनांची माळ लावू नका. हवा काढून टायर रिमवर अर्धा फिरवून बसवा. टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूसमोर आली की लागणारं वजन कमी होतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा. व्हॉल्व्हमुळे रिम तिथे थोडी जड असते, म्हणून तो ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवतात. या कामाला दहा मिनिटं जास्त लागतात, त्यामुळे कोणी आपणहून करत नाही. सांगावं लागतं.

क्लिपचं वजन की चिकटवायचं?

लोखंडी डिस्कला, म्हणजे लोखंडी रिमला, कडेला अडकवायचं क्लिपचं वजन चालतं, मात्र क्लिपचा आकार रिमच्या कडेला जुळायला हवा. न जुळणारी क्लिप हातोडीने दामटून बसवली की रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो. अॅल्युमिनियमच्या रिमवर उघडं शिसं किंवा उघडं लोखंड लावू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, एवढ्यावर अॅल्युमिनियमला पांढरट चट्टे पडतात आणि लोखंडी वजनाचे तांबूस ओघळ खाली उतरतात. कोटिंग केलेली वजनं मिळतात, ती मागा.

अलॉयला शोभून दिसतं ते आतून चिकटवलेलं वजन. पट्टीवर ५ किंवा १० ग्रॅमचे तुकडे असतात, आणि रंग चंदेरी किंवा काळा मिळतो. रिम काळी असेल तर चंदेरी पट्टी दुरून ओरडते. मशीनमध्ये वजन दोन भागांत विभागून आरांच्या मागे लपवायची सोय बऱ्याचदा असते, ती वापरायला सांगा. लपवायच्या नादात पट्टी ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाला) घासणार नाही ना, हे मात्र चाक बसवल्यावर हाताने फिरवून बघाच.

पट्टी गळून पडली तर दोष बहुधा जागेचा असतो, गोंदाचा नव्हे. ब्रेकची काळी पूड, टायर चढवतानाचं साबणपाणी, टायरला लावलेली चमक, यांवर गोंद धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पट्टी अंगठ्याने जोर देऊन दाबा. गोंद पुरता पकडायला एखादा दिवस जातो, तेवढ्यात प्रेशरच्या पाण्याने चाक धुऊ नका. पहिला दिवस जोरात ब्रेक मारणंही टाळा. आतलं साबणपाणी वाळलेलं नसेल तर टायर रिमवर सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग वाया जातं.

जुना गोंद स्क्रूड्रायव्हरने खरवडणाऱ्याला तिथेच थांबवा. ड्रायरने थोडं गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने उचलला की निघतो.

बाहेर एकही वजन नको असेल तर टायरच्या आत बारीक मणी टाकतात. चाक फिरताना ते आपापली जागा घेतात. जड ट्रकच्या टायरला हा मार्ग बरा पडतो, पण आत ओल असेल तर मण्यांचे गोळे होतात, आणि व्हॉल्व्हच्या आत गाळणी असलेली सुई नसेल तर हवा तपासताना मणी व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

चमकवताना

तापलेल्या चाकावर क्लीनर मारू नका. तो वाळून डाग पडतात. आम्लाचा क्लीनर पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम निस्तेज करतो. वरून कोटिंग असलेल्या रिमला तर पॉलिश लावूच नये, त्याने कोटिंगच घासून जातं. लोखंडी डिस्क रंगवताना नट आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जिथे टेकतात त्या जागा झाकून घ्या. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दाबाने चेपतो आणि कसलेले नट सैल पडतात.

आणि नटाच्या भोकापासून बाहेर गेलेली गंजाची रेघ दिसली तर ती पुसून रंग मारायची घाई नको. नट सैल असल्याची किंवा भोकाजवळ चीर गेल्याची ती खूण असू शकते, आधी तेवढं तपासून घ्या. नटांवरच्या क्रोमच्या टोप्या दिसतात छान, पण त्यांच्याखाली ही खूण झाकली जाते. म्हणून चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटर चालवून टोप्या काढा, आणि टॉर्क पान्याने (किती जोराने कसलं ते दाखवणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासूनच त्या परत लावा.