देवळाच्या दारात हत्ती बसवायचा असेल तर

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की सभामंडपाचा स्लॅब पडता पडता कुणीतरी म्हणतंच, "मिस्त्री, दारात दोन हत्ती व्हये. मोठे व्हये." हे काम मी पंचवीस वर्षं करतोय. समितीला माझा पहिला प्रश्न एकच असतो: दार केवढं?

हत्तीचं माप दारावरून काढायचं. दाराची उंची घ्या, पायऱ्यांची रुंदी घ्या, आणि माणसाला देऊळ पहिल्यांदा जिथून दिसतं त्या जागेवर खूण करा. मूर्ती एका नजरेत मावायला तिच्या उंचीच्या दुप्पट तरी जागा समोर मोकळी हवी. हत्ती आठ फुटी आणि समोर दहा फुटांवर गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असं झालं तर लोकांना गुडघेच दिसणार.

माप ठरलं की लगेच सळई कापायला घेऊ नका. बांबू बांधून, वर गोणपाट आणि माडाच्या झावळ्या टाकून तेवढ्याच मापाचा हत्ती जागेवर उभा करा आणि आठ दिवस तसाच राहू द्या. पालखी त्याच्या बाजूने काढून बघा. एका गावी या झावळ्यांच्या हत्तीपायी पालखीबरोबरची उंच छत्री, अब्दागिरी, अडली आणि आम्ही दीड फूट माप उतरवलं. सिमेंटचा असता तर काय केलं असतं?

जुन्या लोकांना हे नेमकं कळत होतं. जंजिऱ्याला राजापुरीहून होडीने जा. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय उमगत नाही, आणि तिथेच भिंतीवर पंजांत हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय. आकाराने तो काही प्रचंड नाही. पण आत शिरणाऱ्याला तो चुकत नाही. घारापुरीला मुख्य लेण्याच्या पूर्वेकडच्या अंगणात जे देऊळ कोरलंय, त्याच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह बसलेत. ते काढले तर पायऱ्याच उघड्या पडतील, इतके ते बांधकामात मुरलेत.

त्याच बेटावर दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यामुळे. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. आता तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा होतो. जोडकाम चांगलं आहे, पण ज्या किनाऱ्यावर उतरणाऱ्याला तो सामोरा यायचा, तो किनारा तिथे नाही. मला फार वाईट वाटलं.

आता घडण. हत्तीच्या पुढच्या पावलाभोवती दोरी गुंडाळली की तिच्या साधारण दुप्पट त्याची खांद्यापर्यंतची उंची भरते. हे प्रमाण धरलंत तर पाय काठीसारखे होत नाहीत. आपल्याकडच्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात, पाठ कमानीसारखी वर येते आणि कान लहान असतात. सुपाएवढे पसरलेले कान आफ्रिकेच्या हत्तीचे. ते आपल्या देवळात नकोत.

जांभ्यात हत्ती कोरायच्या फंदात पडू नका. चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण त्याच्या भोकाभोकांच्या अंगात डोळ्याची पापणी उतरत नाही. चौथरा मात्र चिऱ्याचाच करा, म्हणजे देवळाच्या जोत्याशी तो एकजीव दिसतो. वरचं अंग सळई, जाळी आणि सिमेंटचं.

समुद्रकाठी शत्रू एकच, मीठ. माझ्या सुरुवातीच्या एका जोडीत खाडीची रेती न धुता वापरली गेली. पाचव्या पावसाळ्यात सोंडेला उभी चीर गेली, आत सळई गंजून फुगली होती, आणि सोंडेचा खालचा तुकडा पायरीवर पडला. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. तेव्हापासून रेती नदीची, पाणी गोड्या विहिरीचं, आणि सळईवर सगळीकडून पन्नास मिलिमीटर सिमेंट. एवढी जाडी बारीक अवयवाला झेपत नाही, म्हणून सोंड मोकळी लोंबती ठेवू नका. ती पुढच्या पायाला टेकवा. कान मानेला चिकटवून घ्या. पोटाखाली पाणी निथळायला भोक ठेवा.

काम दिवाळीनंतर धरा. गिलावा झाला की ओली गोणपाटं गुंडाळून चौदा दिवस पाणी मारा, दुपारचं ऊन तर अजिबात लागू देऊ नका. ऑइल पेंट नको. आतली ओल कोंडते आणि रंगाला फोड येतात.

डोळे सगळ्यात शेवटी. शिडीवरून कोरलेला डोळा खालून बघितला की आभाळाकडे लागलेला दिसतो. म्हणून आधी कोळशाने खूण करायची, खाली उतरायचं, पहिल्या पायरीवर जाऊन बघायचं. मी तिथे एखाद्या शाळकरी पोराला उभं करतो आणि विचारतो, "तुझ्याकडे बघतोय काय रे?" तो "होय" म्हणेपर्यंत खूण पुसून पुन्हा काढतो.