विमानातून सायकल नेताना हँगर सांभाळा

"सायकल कशाला नेतोस, तिथे भाड्याने घे की!" हा सल्ला मला प्रत्येक सुट्टीआधी कोणीतरी देतंच. देणारा स्वतः कधी परक्या सीटवर पाच तास बसलेला नसतो. मी गेली कित्येक वर्षं माझीच सायकल खोक्यात भरून नेतो, आणतो. पहिल्या दोन-तीन खेपांना जे मोडायचं ते मोडून झालं. खाली लिहिलंय ते गिअरच्या सायकलीबद्दल, कारण अडचण गिअरचीच आहे: चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर आणि तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, हँगर. सायकल धुऊन, चेन पुसून ठेवलीय आणि विमान कंपनीला सायकल आणणार असल्याचं बुकिंगमध्येच कळवलंय, हे गृहीत धरतो. कळवलं नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तेवढं करा.

खोका

पर्याय तीन: पुठ्ठ्याचा खोका, मऊ बॅग, कडक प्लास्टिकची केस. माझं मत पुठ्ठ्याच्या बाजूने आहे आणि ते बदलणार नाही. कडक केस दिसते भारदस्त, पण स्वतःच दहा-बारा किलोची असते. सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २३ किलो असते, म्हणजे सायकल भरली की संपली. शिवाय उतरल्यावर ती केस कुठल्याच गाडीत मावत नाही. पुठ्ठ्याचा खोका सायकलच्या दुकानात नव्या सायकलीबरोबर आलेला असतो आणि दुकानदाराला तो अडगळच असते. आठवडाभर आधी जाऊन सांगून ठेवा, फेकू नका म्हणावं. तळाच्या सगळ्या सांध्यांवर आतून-बाहेरून रुंद चिकटपट्टी मारा आणि आत प्लास्टिकचा मोठा कागद अंथरा. धावपट्टीशेजारी खोका पावसात उभा राहिला की तळ आधी भिजतो आणि उचलताना सायकल खालून निघते.

सायकलीबरोबर कपडेही त्याच खोक्यात कोंबणारे लोक असतात. तुम्हीही कोंबा, पण वजनकाट्यावर ठेवून. ३२ किलोच्या वरचा एक नग बहुतेक कंपन्या पैसे देऊनही घेत नाहीत.

पेडल, सीट, हँडल

पेडलबाबत एकच गोष्ट. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून ते तसं केलेलं आहे. जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवाल तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातील. सीटपोस्ट काढण्याआधी उंचीच्या जागी चिकटपट्टीचा वेढा द्या. हँडल स्टेमपासून, म्हणजे ते पकडणाऱ्या तुकड्यापासून, सोडवून वरच्या नळीला समांतर बांधा, केबली ताणू देऊ नका. झालं.

चाकं

दोन्ही चाकं काढा. मागचं काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान दात्यावर, म्हणजे दातेरी चकतीवर, आणा. हवेबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण 'हवा काढली नाही तर टायर वर फुटतो' हे मला अजून लोक छातीठोकपणे सांगतात. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच हवेचा दाब राखलेला असतो. जमिनीवरच्यापेक्षा तो साधारण पाव हिश्शाने कमी असतो, म्हणजे टायरला जाणवणारा फरक जेमतेम चार पीएसआय (पंपावर दाब मोजतात ते एकक). कप्प्यातली सगळी हवा गेली तरी तो फरक पंधराच्या आत राहील. धडका मात्र नक्की बसतात, आणि अर्धी हवा असलेला टायर रिमला गादीसारखा वाचवतो. म्हणून मी निम्मी हवा ठेवतो. काउंटरवरच्या माणसाने 'काढा' म्हटलं तर हसतमुखाने काढतो. तिथे भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ नका, रांग मोठी असते.

डिस्क ब्रेक असतील तर चाक निघाल्याबरोबर दोन ब्रेक पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा, नाहीतर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी सरकवा. प्रवासात लिव्हर दाबली गेली आणि मध्ये काही नसलं, तर पॅड एकमेकांना भिडून बसतात आणि चाक परत आत जात नाही. डिस्क सहा स्क्रूच्या असतील तर टी-२५चा, चांदणीसारख्या टोकाचा पाना घ्या आणि त्या काढून पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवा. वाकलेली डिस्क सरळ करता येते, पण पुरता संयम खाते.

पुढच्या फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या, टोकांमध्ये आधार हवा. नव्या सायकलीबरोबर येणारा प्लास्टिकचा ठोकळा दुकानात फुकट मिळतो. तो नसेल तर मापाचा लाकडी तुकडा चालतो. खोक्यावर दुसरं सामान पडलं की उघडे पाय आत दबतात.

मागचा डिरेलर आणि हँगर

आता खरी गोष्ट. मागचा डिरेलर सहसा फ्रेमला थेट जोडलेला नसतो. मध्ये अॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, धक्का बसला तर त्याने आधी वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. कल्पना चांगली आहे. पण खोक्यात भरलेल्या सायकलीत उजव्या बाजूने सर्वांत बाहेर आलेला भाग म्हणजे हा डिरेलर. खोका कुठेतरी त्या कुशीवर आडवा होणारच. 'नाजूक, आडवे ठेवू नये' असं लाल अक्षरांत लिहून काही होत नाही. विमानाच्या कप्प्यात जागा असेल तसं सामान बसतं.

मला सल्ला मिळाला होता की डिरेलर काढायची गरज नाही, चेन सर्वांत मोठ्या दात्यावर टाकली की तो आत सरकतो, तेवढं पुरे. मी ऐकलं. पोहोचल्यावर सायकल जोडली, सपाट रस्त्यावर मधल्या गिअरमध्ये फिरवली, सगळं छान. दुसऱ्या दिवशी पहिल्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये गेला. हँगर तीन-चार मिलिमीटर आत वाकलेला होता, वरून पाहून कळलंच नव्हतं. दोन स्पोक तुटले, डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन धरणारी खालची चौकट, पिळवटला, हँगरचे दोन तुकडे. गावातल्या मेकॅनिककडे हँगरनी भरलेला अख्खा खण होता. त्यातला एकही माझ्या फ्रेमला बसेना. शेवटी त्याने डिरेलर काढून टाकला, चेन तोडून छोटी केली आणि एका गिअरवर सायकल चालती करून दिली. उरलेली सुट्टी मी चढ ढकलत चढलो.

म्हणून डिरेलर काढायचाच. दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक डिरेलर पाच मिलिमीटरच्या अॅलन कीने सुटतात. चेन तोडायची नाही, केबल काढायची नाही, फक्त हँगरमधला एक बोल्ट सोडवायचा. सुटलेला डिरेलर चेनसकट बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणाच्या आतल्या बाजूला, चेनच्या बाजूच्या खालच्या नळीला झिप टायने बांधा. तो नुसता लोंबकळत सोडलात तर रंगाची वाट लावेल. बिनतारी डिरेलर असेल तर त्याची छोटी बॅटरी काढून हातातल्या बॅगेत घ्या, नाहीतर खोक्यात शिफ्टर दाबला जाऊन मोटर फिरत बसेल.

डिरेलर निघाल्यावरही हँगर उघडाच राहतो, हे लोक विसरतात. मागच्या दोन टोकांमध्येही फोर्कसारखाच ठोकळा लावा, आणि हँगरवर बाहेरून पुठ्ठ्याची तीन-चार पदरी टोपी करून चिकटपट्टीने आवळा. मी तर फ्रेम खोक्यात अशी ठेवतो, की हँगरच्या बाहेरच्या बाजूला चाक येईल आणि मार चाकाने खाईल. चाकाचा एक्सल मात्र त्या बाजूला टोचत नाही ना, ते बघा.

आणि सुटा हँगर घ्या. आजच घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. हँगरचे आकार शेकड्याने आहेत, जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा. २०१९ मध्ये सगळ्यांसाठी एकच असा एक नमुना बाजारात आला आणि बऱ्याच नव्या सायकलींना तो बसतोही, पण तुमच्या सायकलीला बसेलच असं धरून चालू नका. स्वतःचा काढून, शेजारी ठेवून, भोकाला भोक जुळवून घ्या. तो हातातल्या बॅगेत ठेवा. माझा पैशाच्या पाकिटात असतो.

खोका बंद करताना

आत काहीही हलता कामा नये. खोका हलवून बघा. खुळखुळ ऐकू आली तर उघडा. सुटे स्क्रू, एक्सल, पेडल एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमलाच बांधा, कारण उचलायच्या भोकांतून वस्तू पडतात. अवजारंही खोक्यातच, केबिनमध्ये नेलीत तर तपासणीत काढून घेतील. हेल्मेट आणि बूट मात्र हातात. सायकल हरवली तर दुसरी मिळेल, आपल्या पायाचे बूट मिळणार नाहीत.

सुरक्षा तपासणीवाले खोका उघडू शकतात आणि ते तुमच्याइतक्या प्रेमाने भरत नाहीत. भरलेल्या सायकलीचा फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवा. मोबाइलमध्येही ठेवा, तो पुढे लागेल.

हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या घरीच ठेवा. नियमांत काही नळकांड्यांना परवानगी आहे, पण ती कंपनीच्या संमतीवर अवलंबून असते आणि प्रत्येक काउंटरवर नव्याने वाद होतो. साधा हातपंप न्या. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी विसरा. १६० वॉट-तासांच्या वरची बॅटरी प्रवासी सामानात नेता येत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

विमानतळावर एक तास जास्त धरा. मोठ्या सामानाचा काउंटर बहुधा दूरच्या कोपऱ्यात असतो.

उतरल्यावर

खोका तिथेच, पट्ट्याजवळ, बाहेर पडण्याआधी नीट बघा. कोपरा चेपलाय, भोक पडलंय, तर उघडून बघा आणि कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू असेल, तर नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळालं असेल तर २१ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. सायकल त्याहून महाग असेल तर वेगळा विमा काढा.

जोडणी उलट क्रमाने. हँडलच्या स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरला (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजायचं एकक) आवळतात, तरी स्टेमवर छापलेला आकडा पाहा. कार्बनचं हँडल असेल तर अंदाजाने आवळू नका, छोटा टॉर्क पाना न्याच.

डिरेलर बसवताना घाई करू नका. बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका चढतोय, उलटा फिरवून पुन्हा सुरू करा. मऊ अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हँगर बाद. हँगरला मागे एक बारीक टोक असतं. डिरेलरचा छोटा स्क्रू, किंवा स्क्रू ज्या पट्टीवर टेकतो ती पट्टी, त्या टोकाच्या मागे यायला हवी. बोल्ट आवळताना ती टोकावरच अडकून चिरडते, ही चूक मी दोनदा केलीय. डिरेलर थोडा मागे वळवून धरा, मग आवळा, ८ ते १० न्यूटन मीटर पुरतं.

चाक बसवलं की सायकलच्या मागे उकिडवे बसा, डोळे कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दात्यांच्या संचाच्या, उंचीला. डिरेलरची दोन छोटी चाकं दात्यांच्या बरोबर रेषेत, उभी दिसायला हवीत. खालचं चाक आत झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. थोडाच वाकला असेल तर डिरेलरच्या बोल्टमध्ये लांब अॅलन की घालून हलक्या हाताने एकदाच बाहेर ओढता येतो. दुसऱ्यांदा ओढाल तर तुटेल. मग पाकिटातला सुटा हँगर काढा.

मग मागचं चाक उचलून धरा, पेडल हाताने फिरवा आणि सर्वांत मोठ्या दात्यापर्यंत एकेक गिअर सावकाश चढवा. पिंजरा आणि स्पोक यांच्यात फट दिसली पाहिजे. ती दिसल्याशिवाय खोगिरावर बसू नका.

खोका घडी करून मुक्कामाच्या ठिकाणी ठेवायला सांगा, आणि उरलेली चिकटपट्टी, झिप टाय, ठोकळे त्याच घडीत खुपसा. परतीच्या आदल्या रात्री चिकटपट्टी शोधत हिंडायची वेळ सगळ्यांवर येते.