प्रार्थना कोरडी वाटू लागली तर काय करावे

प्रार्थनेला बसताच मन भरून येते असा काळ विश्वासाच्या जीवनात असतो, तसाच बायबल उघडूनही एक ओळ आत शिरत नाही असाही काळ असतो. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत या दुसऱ्या काळाविषयी सहसा बोलले जात नाही. पाळकांनी विचारले तर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून विषय संपवला जातो. पुढील क्रम अशा काळासाठी आहे आणि त्याचे सूत्र एवढेच की साधना लहान करावी, पण बंद करू नये.

सर्वप्रथम वेळ आणि जागा ठरवावी. तासभर प्रार्थना करण्याचा नेम आठवड्यात मोडतो, म्हणून दहाच मिनिटे घ्यावीत, मात्र ती रोज त्याच वेळी घ्यावीत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून छापील बायबल वापरणे बरे, कारण वाचनाचे अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप यांत एका बोटाचेही अंतर नसते.

त्यानंतर स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधील प्रार्थनागीतांचे पुस्तक, घ्यावी. स्तोत्रे 150 आहेत. रोज एक वाचल्यास सुमारे पाच महिने लागतात. वाचण्याची रीत कळावी म्हणून तेरावे स्तोत्र पाहू. त्यात अवघी सहा वचने आहेत आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचावे. मग वहीत स्वतःचे ‘कोठवर’ लिहावेत: मुलाची नोकरी, घरातले आजारपण, भावाशी तुटलेले बोलणे, जे असेल ते, सुशोभित न करता. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो; ती वचने मनात तशी भावना नसतानाही उच्चारावीत. ज्यांना तेही खोटे वाटते त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, जे अंधारातच संपते आणि तरीही प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. तक्रार करणे म्हणजे अविश्वास, ही आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) रुजलेली समजूत माझ्या मते फार नुकसान करते.

रात्री निजण्यापूर्वी दिवसाची उजळणी करावी. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी या सवयीवर विशेष भर दिला. आज कशाबद्दल आभार मानावेत, कुठे चुकलो आणि उद्यासाठी कोणती कृपा हवी, एवढे तीन प्रश्न पुरेत.

स्वतःचा उत्साह आटला असता मंडळीचे वर्ष, म्हणजे तिच्या सण-उपवासांचे वार्षिक चक्र, आधार देते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार घरी मेणबत्ती लावून आणि एक शास्त्रपाठ वाचून पाळता येतात. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, रविवार वगळून, 40 दिवसांचा असतो आणि इंदुरात त्याच सुमारास रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते. या शहरात उपवासाची खरी कसोटी सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, लागते, म्हणून त्या दिवसांत रात्रीची सराफ्याची फेरी सोडावी आणि त्याचे पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाची जोड भुकेल्याला अन्न देण्याशी घातली आहे. तेव्हा डब्यातील रकमेतून एम. वाय. रुग्णालयाच्या आवारात थांबलेल्या नातेवाइकांना जेवण द्यावे, आणि शक्यतो दोघांशी तरी बसून बोलावे. मधुमेह असणाऱ्यांनी जेवण चुकवण्याऐवजी एखादी आवडती गोष्ट सोडावी.

एकट्याने शब्द सुचत नसतील तर गावे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने मराठी उपासनेत आजही गायिली जातात आणि अभंगाची चाल कानात बसलेली असल्याने ती पेटीवाचूनही म्हणता येतात. शहरातील उपासना बहुधा हिंदीत होत असल्याने, आठवड्यातून एकदा दोन-तीन घरांनी एकत्र येऊन मराठीत भजन, एक स्तोत्र आणि एकमेकांसाठी प्रार्थना, असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठेवावा. चहा शेवटी ठेवावा, नाहीतर प्रार्थना राहून जाते.

झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर त्याला केवळ आध्यात्मिक कोरडेपणा समजू नये. बायबलमध्ये मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि परत खाऊ घातले. देवाने त्याला प्रश्न विचारला तो नंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत. अशा वेळी उपवास थांबवावा, डॉक्टरांना भेटावे आणि पाळकांना खरी स्थिती सांगून त्यांच्याकडे घरी येऊन प्रार्थना करण्याची विनंती करावी.