स्टेम सेलचा स्राव हार्ट सेल वाचवतो का, लॅबमध्ये असं तपासा

२००५ मध्ये हृदय-संशोधक व्हिक्टर ड्झाऊंच्या ग्रुपने दाखवलं की आक्ट जीन (सेलला जगायला मदत करणारा) वाढवलेल्या मेझेन्कायमल स्टेम सेल्स (बोन मॅरोसारख्या ठिकाणी सापडणाऱ्या) ज्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, वाढल्या तो नुसता मीडियासुद्धा ऑक्सिजन कमी पडलेल्या हार्ट सेल्सना मरण्यापासून वाचवतो, म्हणजे सेल स्वतः तिथे असायलाच हवी असं नाही. हे करून बघायचं तर एच९सी२ सेल्स घ्या, उंदराच्या (रॅटच्या) हृदयातली, लॅबमध्ये वाढत राहणारी सेल लाइन आहे, पुण्याच्या एनसीसीएसकडे (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) चौकशी करा.

स्टेम सेल्सनी फ्लास्क ७०-८० टक्के भरला की पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) नीट धुवा, सीरम (मीडियात घातलेला रक्तातला द्रव) अजिबात राहू देऊ नका कारण त्यातच ग्रोथ फॅक्टर असतात आणि मग रिझल्ट कोणामुळे आला ते कळतच नाही. सीरम नसलेला मीडिया घालून २४ तास ठेवा, मग काढा, सेंट्रिफ्यूज करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, उणे ८० अंश सेल्सियसला ठेवा.

आता एच९सी२ ला १ टक्का ऑक्सिजनमध्ये ठेवा आणि हा मीडिया द्या.

कंट्रोलवर कंजुषी नको प्लीज! सेल्सशिवाय तितकाच वेळ ठेवलेला मीडिया हवाच, आणि फायब्रोब्लास्ट (साध्या संयोजी ऊतीच्या सेल्स) वाढवलेलाही, नाहीतर कुठल्याही सेलचा स्राव चालला असता हा प्रश्न राहतोच. किती सेल्स जगल्या हे बघायला फक्त एमटीटी या रंगाच्या टेस्टवर विसंबू नका, तो मेटाबॉलिझम मोजतो, सोबत एलडीएच (फुटलेल्या सेल्समधून गळणारं एन्झाइम) आणि अ‍ॅनेक्सिन व्ही (मरू लागलेल्या सेल्स ओळखणारी टेस्ट) करा. फरक दिसला तर एलवाय२९४००२ या इनहिबिटरने पीआय३के-आक्टचा रस्ता (सेलला जगवणारा सिग्नल) बंद करून परत बघा, संरक्षण गेलं तर स्राव बहुतेक त्याच रस्त्याने काम करतोय.