बारावीनंतर पायलट व्हायचंय? खान्देशातल्या पोरापोरींनी आधी काय करायचं, मग काय

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पायलट व्हायचं म्हणणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न असतो, पैसे किती लागतात. माझं म्हणणं, तो प्रश्न चौथ्या नंबरला ठेवा. आधी मेडिकल, मग कागदपत्रं, मग पेपर, आणि मोठी रक्कम त्यानंतरच घराबाहेर काढायची. बऱ्याच घरात नेमकं उलटं होतं, आधी फी भरतात आणि मग डोळे तपासतात.

विषयांचं पटकन सांगतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पाहिजे. जळगावकडं नीटच्या नादात खूप पोरं मॅथ्स सोडून बायो घेतात, त्यांनी घाबरायचं काम नाही, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून राहिलेला विषय देता येतो, आर्ट्स कॉमर्सवाल्यांनाही हाच रस्ता आहे. दहावी पास आणि १६ वर्षं पूर्ण असतील तर स्टुडंट पायलट लायसन्स मिळतं, पण कमर्शिअल म्हणजे सीपीएलला वय १८ लागतं.

आता मेडिकल. पहिलं क्लास टू, ते डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरकडं होतं, आणि मग क्लास वन, जे असल्याशिवाय सीपीएल मिळत नाही. क्लास वनची पहिली तपासणी वर्षानुवर्षं एअरफोर्सच्या केंद्रात होत आलीय, दिल्लीत सुब्रतो पार्कला आणि बेंगळुरूला, आपल्या भुसावळ-जळगाववरून कर्नाटक एक्सप्रेस दोन्हीकडं जाते त्यामुळं जी तारीख आधी मिळेल ती धरा, केंद्रांची ताजी यादी मात्र डीजीसीएच्या साइटवर बघूनच निघा. चष्मा आहे म्हणून कोणी स्वप्न सोडू नका, चष्म्यानं नजर ६/६ होत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात अडचण असेल तर तो मोठा अडथळा आहे आणि ते गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडं आधीच कळू शकतं. जुनं ऑपरेशन, फिट येणं, साखर, काहीही लपवू नका, फाइल घेऊन जा. दोन्ही मेडिकल पास झाल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला मोठी फी देऊ नका, ही एवढी गोष्ट तरी घरच्यांकडून कबूल करून घ्या.

कागदपत्रांत नावाचा घोळ लय होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडलांचं नाव गायब, असं असेल तर आत्ताच सरळ करून घ्या कारण पुढं डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करताना तिथंच अडतं. मार्कशीट बोर्डाकडून व्हेरिफाय करून लागते, धुळे-जळगाव-नंदुरबारचं काम नाशिक विभागीय मंडळाकडं असतं.

पेपरांची तयारी घरी बसून होते. एअर रेग्युलेशन्स, एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, पासिंग ७० टक्के. रेडिओवर बोलायची आरटीआर परीक्षा वेगळी. नेव्हिगेशनला सगळ्यात जास्त वेळ द्या, गणित अवघड नसतं पण वेळेत सुटलं पाहिजे. निदान तीन पेपर काढून मगच फ्लाइंगला जावं असं मला वाटतं, कारण फ्लाइंग चालू झालं की सकाळी लवकर उठून दिवसभर एअरफील्डवर, आणि राहिलेले पेपर राहूनच जातात. इंग्रजीची लाज बाळगू नका, रेडिओवरचं इंग्रजी ठरलेल्या वाक्यांचं असतं, रोज मोठ्यानं बोलून सराव केला तर अमळनेरचं पोरगं आणि मुंबईचं पोरगं सारखंच बोलतं.

फ्लाइंग स्कूलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर, शिरपूरला आणि जळगाव विमानतळावर ट्रेनिंग चालतं. जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते झालं. पण घराजवळ आहे म्हणून ॲडमिशन घेऊ नका. सीपीएलला २०० तास लागतात, त्यात १०० तास तुम्ही स्वतः कॅप्टन म्हणून, शिवाय ३०० नॉटिकल मैलांची म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण), रात्रीचं फ्लाइंग, इन्स्ट्रुमेंटचे म्हणजे फक्त उपकरणं बघून उडायचे तास. हे २०० तास मागच्या बॅचला किती महिन्यांत मिळाले हे विचारा, ऑफिसात नाही, कॅंटीनमध्ये बसलेल्या पोरांना विचारा. विमानं किती आहेत यापेक्षा आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत, इन्स्ट्रक्टर किती, पोरं किती. एक दिवस सकाळी कुंपणाबाहेर उभं राहून किती टेकऑफ होतात ते मोजा.

उन्हाळ्याचंही समजून घ्या. जळगाव समुद्रसपाटीपासून आठ-साडेआठशे फुटांवर, पण मे महिन्यात पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला साधारण साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, म्हणून टेकऑफला धावपट्टी जास्त लागते आणि चढ मंदावतो. दुपारी जमीन तापून झटकेही बसतात. त्यामुळं उन्हाळ्यात सकाळचे तास सोन्याचे, आणि पावसाळ्यात कितीतरी दिवस ढग खाली म्हणून जमिनीवरच जातात. कोणी सहा महिन्यांत सीपीएल म्हणत असेल तर कॅलेंडर समोर ठेवून हिशोब मागा.

आता पैसे. भारतात सीपीएलला साधारण ४० ते ६० लाख धरा, त्यानंतर एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची परवानगी, वेगळं, तेही बऱ्याच लाखांचं. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते आणि इथं आपल्या लोकांचं गणित चुकतं, रावेर-यावलकडं केळीचं दहा एकर वावर असलं तरी शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा धरत नाहीत, कारण सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात शेतजमीन जप्त करता येत नाही. घर, एनए प्लॉट, एफडी चालते. वावर विकून फी भरायचं तर मी स्पष्ट नको म्हणेन. ५० लाखांवर ११ टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता महिन्याला ६९ हजारांच्या आसपास जातो, तो नोकरी लागायच्या आधीच चालू होऊ शकतो. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत त्यांनी पायलट ट्रेनिंग दिलेलं आहे. फी कुठंही एकरकमी भरू नका, जेवढे तास उडाले तेवढे पैसे, आणि रिफंडचं लेखी घ्या.

पैसाच नसेल तर एनडीए, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून एअरफोर्सचा पायलट व्हायचा रस्ता. दहावीतल्या पोरांनी संभाजीनगरच्या एसपीआय या एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेची परीक्षा द्या, पोरींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. एक ध्यानात ठेवा, एअरफोर्सची पायलट सिलेक्शन टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते.

लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नाही. एअरलाइनची भरती लाटेसारखी येते, कधी धडाधड, कधी दोन वर्षं काहीच नाही. त्या काळासाठी हप्त्यांचे पैसे वेगळे ठेवा, क्लास वन मेडिकल दरवर्षी रिन्यू करत राहा, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून डिग्रीचा फॉर्म सीपीएल चालू असतानाच भरून टाका. टाइप रेटिंग मात्र कुठल्या एअरलाइनकडं कुठलं विमान आहे आणि ती सध्या पोरं घेतेय का हे बघितल्याशिवाय करू नका.