एड्समधला मेंदूचा लिम्फोमा: आकडे वाचताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जुनी टक्केवारी आजच्या पेशंटला चिकटवणं. एड्सच्या २ ते ६ टक्के पेशंटना मेंदूचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा, मेंदूतच सुरू होणारा कॅन्सर) होतो असं अजून नोट्समध्ये सापडतं, पण तो आकडा १९९६ च्या आधीचा, पाश्चात्य देशांतला, तेव्हा तीन औषधांची एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार) नव्हतीच. ती आली आणि काही वर्षांत तिकडच्या केसेस झपाट्याने घसरल्या. आकडा खोटा नाही, फक्त तारीख पुसून फिरतोय.

आणि एचआयव्ही आहे म्हणजे सगळ्यांना सारखाच धोका, असंही नसतं हो. हा आजार बहुतेक वेळा सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या टी पेशींची मोजणी) ५० च्या खाली गेल्यावर येतो. एपस्टाइन-बार व्हायरस (ईबीव्ही) बहुतेकांच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतो, त्याला आवरणाऱ्या टी पेशीच उरल्या नाहीत की तो डोकं वर काढतो, आणि एड्समधल्या या गाठींत तो जवळजवळ दरवेळी सापडतो. म्हणून सीडी४ न बघता काढलेली सरासरी काही कामाची नाही.

आता आपल्याकडचं. 'भारतात हा आजार दिसतच नाही' हे वाक्य मला तरी पटत नाही. एमआरआयवर रिंगसारखा डाग दिसला की आधी टॉक्सो (टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा मेंदूतला संसर्ग) किंवा टीबीची गाठ धरतात, ते बरोबरच आहे कारण तेच जास्त असतं, पण सोबत स्टेरॉइड सुरू होतं, त्याने लिम्फोमाही काही दिवस आकसतो, सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं, आणि नंतर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) केली तरी हाती काही लागत नाही. बऱ्याचदा तर बायोप्सी होतच नाही. केस मात्र टॉक्सोच्या खात्यात जमा! म्हणून मेंदूला सूज येऊन जीवावर बेतलं नसेल तर स्टेरॉइडची घाई नको. टॉक्सोच्या औषधाने दोनेक आठवड्यांत फरक नाही पडला तर बायोप्सीचा विचार करा; पाठीतलं पाणी काढणं सेफ असेल तर त्यात ईबीव्हीची पीसीआर (व्हायरसचा डीएनए शोधणारी टेस्ट) होते, तिची मदत होते, पण नुसत्या तिच्यावर शिक्का मारू नका.

अजून एक, अमेरिकेच्या एकूण आकड्यांचा ग्राफ बघताना. तिथे एचआयव्ही नसलेल्या म्हाताऱ्या माणसांत हाच लिम्फोमा वाढलाय. दोन्ही गट एकाच रेघेत टाकले की एड्सवाल्यांमधली घट झाकली जाते, त्यामुळे रेघा वेगळ्याच काढा.